तिसरी-चौथीची मुलं परिच्छेद कशी लिहायला लागतात

घाटावरून मालवण तालुक्यात नेमणूक झालेल्या एका तरुण शिक्षकांनी विचारलं आहे: शाळा द्विशिक्षकी, माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र बसतात. वाचतात बरी. पण 'पावसाळा' विषयावर एक परिच्छेद लिहा म्हटलं की काही जण गाइडमधली पाच वाक्यं उतरवतात आणि उरलेले 'आणि मग, आणि मग' करत पान भरतात. परिच्छेद म्हणजे काय हे यांना समजावायचं कसं? त्यात मुलं मालवणी बोलतात, ती मला अर्धीच कळते.

सर, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ज्याला तुम्ही अडचण म्हणता तीच तुमची जमेची बाजू आहे. मी इथलीच. मुलगा वर्गात येऊन "काल रापण लागली" एवढंच म्हणाला तरी मला सगळं दिसतं, त्यामुळे त्याला पुढे काही सांगावं लागत नाही. तुम्ही मात्र "रापण म्हणजे काय रे?" असं खरंखुरं विचारू शकता. मग तो सांगायला लागतो: मोठं जाळं असतं, ते होडीतून समुद्रात गोलाकार सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, दोन्हीकडे माणसं उभी राहून ओढतात, जाळं जवळ आलं की मासे उड्या मारताना दिसतात. त्याने तोंडी परिच्छेद सांगून टाकला. विषय एक, क्रम बरोबर, आणि ऐकणाऱ्याला काय माहीत नाही याचं भान राखून. लिहिताना मुलांकडे नेमकं हेच भान नसतं. वहीतलं वाचणार कोण, तर गुरुजी. आणि गुरुजींना सगळं माहीत असतं अशी मुलांची ठाम समजूत. मग कशाला सांगायचं?

म्हणून 'एकाच कल्पनेशी निगडित वाक्यांचा समूह' वगैरे व्याख्या फळ्यावर लिहून देऊ नका. मुलं ती पाठ करतील आणि परिच्छेद होता तसाच राहील. सांगण्याजोगी एक गोष्ट आणि ती ठाऊक नसलेलं एक माणूस, ही जोडी आधी वर्गात उभी करा. तुमच्या वर्गात ते माणूस आयतंच आहे.

आता विषयाचं. 'पावसाळा' हा परिच्छेदाचा विषयच नव्हे. चार महिन्यांचा कोकणातला पाऊस आठ वर्षांच्या मुलाने पाच वाक्यांत कुठून बसवायचा? तो मोराकडे वळणारच, कारण मोर गाइडमध्ये तयार असतो. विषय इतका लहान करायचा की त्यात मोराला शिरायला जागा राहू नये. 'पाऊस तोंडावर आला की तुमच्या घरात पहिलं काम कोणतं करतात?' असं विचारून बघा. कुणाकडे लाकडं पडवीत रचतात, कुणाकडे घर शाकारतात, कुणाची आजी सुके बांगडे डब्यात भरून झाकण घट्ट लावते. किनाऱ्यावरच्या वाडीतला मुलगा होड्या वर ओढण्याबद्दल बोलेल, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि होडी ओढायला अख्खी आळी लागते. एकाच प्रश्नातून वीस मुलांचे वीस वेगळे परिच्छेद निघतात. उतरवून काढण्याची सोयच उरत नाही.

एक नमुना देते. चौथीतल्या एका मुलाने लिहिलं होतं:

'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे. पावसाळ्यात सगळीकडे हिरवळ पसरते. मोर पिसारा फुलवून नाचतो. शेतकरी आनंदी होतो. मला पावसाळा खूप आवडतो.'

शुद्धलेखनाची एक चूक नाही. तपासणाऱ्याने पाचपैकी चार गुण डोळे मिटून द्यावेत असं लेखन. त्याला जवळ बोलावून विचारलं, "मोर कुठे बघितलास?"

"बघूक नाय."

"मग पावसात काय बघितलंस?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "साकव." म्हणजे ओढ्यावरचा छोटा लाकडी पूल.

"साकवाचं काय?"

"पाण्याखाली जाता."

"मग शाळेत कसा येतोस?"

"येऊक गावना नाय."

"पण घरातून निघण्याआधी तुला कळतं कसं, साकव बुडालाय ते?"

"बापूस सकाळी बघून येता."

एवढं झाल्यावर त्याला म्हटलं, हे आत्ता मला सांगितलंस ना, तेवढंच लिही. दुसरं काही नको. त्याने लिहिलं:

'आमच्या वाडीतून शाळेत यायला साकव लागतो. खूप पाऊस पडला की साकव पाण्याखाली जातो. सकाळी बाबा जाऊन बघून येतात. बाबा मान हलवत आले की मी दप्तर खुंटीला लावतो. आमच्याकडे दोन म्हशी आहेत. मग आई भाकरी करते आणि मी चुलीजवळ बसतो.'

यात शिकवण्यासारखं भरपूर आहे. हा परिच्छेद त्याच्या परवानगीने फळ्यावर लिहिला आणि वर्गाला विचारलं, यातलं कुठलं वाक्य चुकून आत आलंय? म्हशी सगळ्यांनी पकडल्या. पण चुलीवरून वाद झाला. एक मुलगी म्हणाली, साकवाचा आणि चुलीचा काय संबंध, ते काढा. दुसरी म्हणाली, साकव बुडाला म्हणूनच तो चुलीजवळ बसला, नाहीतर शाळेत असता. माझ्या मते दुसरीचं बरोबर. पण मी निकाल दिला नाही, लेखकाला विचारलं. त्याने वाक्य ठेवलं आणि म्हशी खोडल्या. कुठलं वाक्य आत आणि कुठलं बाहेर, हे मुलांनी एकदा भांडून ठरवलं की परिच्छेद त्यांच्या हाती लागला असं समजा. बाकीचं सगळं रंगरंगोटी.

या भांडणाचा सराव मुद्दाम द्यावा लागतो. कागदाच्या पट्ट्यांवर एकेक वाक्य लिहा, दोन विषयांच्या पट्ट्या एकत्र मिसळा आणि गटाला वेगळ्या करायला सांगा. रापण ओढून झाल्यावर बांगडे एका टोपलीत आणि पेडवे दुसरीत निवडतात, तसंच हे काम असल्याचं मुलांना पटकन उमगतं. पण बऱ्याच प्रशिक्षणांत जे दाखवतात ते करू नका. तिथे एका ढिगात हत्तीची वाक्यं असतात आणि दुसऱ्यात आंब्याची. ती दुसरीतलं पोरही वेगळी करील. विषय एकमेकांना खेटून असले पाहिजेत. माझ्या आवडत्या पट्ट्या गणपतीच्या आहेत, एक ढीग माटवीचा, म्हणजे गणपतीच्या वरच्या, रानातल्या फळाफुलांनी सजवलेल्या लाकडी चौकटीचा, आणि एक मुंबईहून येणाऱ्या काकांचा:

'माटवी गणपतीच्या वर टांगतात.' 'तिला कवंडळं, हरणं आणि आंब्याचे टाळ बांधतात.' 'काका रात्रीच्या गाडीने आले.' 'गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती.' 'काकांनी माटवीला नारळ बांधला.'

शेवटची पट्टी दोन्ही ढिगांत बसते, म्हणजे कुठेही ठेवली तरी कारण द्यावं लागतं. 'काका आल्या आल्या कामाला लागले, म्हणून ती काकांची' असं एखादं मूल म्हणालं की त्या दोन परिच्छेदांमधला सांधा त्याला दिसला असं धरून चाला. चौथीला दोन परिच्छेदांचं लेखन याच पट्ट्यांवरून सुरू करता येतं. दोन ढीग झाले, आता प्रत्येक ढिगाचा क्रम लावा, मधे एक ओळ मोडून नव्याने सुरुवात करा. नवा परिच्छेद कधी सुरू होतो? माणूस बदललं, जागा बदलली किंवा मधे वेळ गेला की. या वयाला एवढं पुरतं.

बोलणं हा लेखनाचा अर्धा भाग आहे, आणि गडबडीत पहिली काट त्यालाच लागते. एक दिवस फक्त सांगण्याचा ठेवा, लिहिणं दुसऱ्या दिवशी. एकत्र वर्ग असल्याने तुम्हाला जोड्या सोप्या जातील: तिसरीतलं मूल सांगेल, चौथीतलं ऐकेल आणि न कळलेल्या जागी अडवेल. ऐकणाऱ्याने तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत असा नियम करा. नाहीतर ती खिडकीबाहेर बघत माना डोलावतात. ज्या मुलाला अजून अक्षरं जमत नाहीत, त्याने सांगितलेलं तुम्ही लिहा, त्याच्याच शब्दांत, एक शब्द न सुधारता, आणि त्यालाच वाचून दाखवा. परिच्छेद जुळवण्यासाठी हात वळेपर्यंत थांबायची गरज नाही.

हातात एखादी वस्तू दिली तर बोलणं आणखी सुटतं. उत्तर कोकणात बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, माती असं भोवतालचंच सामान वापरलं. ते बालवाडीचं होतं, पण लेखनालाही तेवढंच लागू. पिकलेलं कोकम फोडून दाखवा, जुनं इरलं, म्हणजे पावसात डोक्या-पाठीवर घ्यायचं आच्छादन, आणा. 'ज्याने इरलं कधी बघितलं नाही त्याला ते कसं सांगशील?' कशापासून केलं, कुठे अडकवतात, वाकून लावणी करताना पाठ कशी कोरडी राहते. क्रम आपोआप येतो, कारण वस्तू समोर असते.

आता तुम्ही काय लिहिता ते मुलांना दिसू द्या. आपण शिक्षक फळ्यावर तयार मजकूर लिहितो. मुलांना वाटतं, मोठी माणसं असंच एका दमात लिहितात. तुम्ही तुमच्या गावाचा एखादा बारीक विषय घ्या, बैलपोळ्याच्या दिवशी बैल धुण्याचा म्हणा, आणि मुलांसमोर मोठ्याने विचार करत लिहा. "पहिलं वाक्य काय घेऊ? 'बैलपोळा हा महत्त्वाचा सण आहे'... छे, हे तर सगळेच लिहितात. 'आमचा बैल अंगाला पाणी लावू देत नाही.' हे बरं." वाक्य नको झालं तर पुसू नका, त्यावर काट मारा. काट दिसली पाहिजे. इथल्या मुलांना पोळ्याचं फारसं ठाऊक नसतं, त्यामुळे ती विचारतील, शिंगांना रंग कसला लावता, बैल मारत नाही का. आज वाचक ती आणि लेखक तुम्ही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या परिच्छेदात घालायचं राहून गेलं होतं, हे त्यांच्या देखत कबूल करून एक वाक्य वाढवा. खोडणं म्हणजे शिक्षा नाही, हे त्यांना असंच कळतं.

पहिल्या वाक्यावरून आठवलं. वरचा पाव, मधलं सारण, खालचा पाव असे बर्गरचे तक्ते हल्ली मोबाइलवरून फिरतात. पहिल्या वाक्यात विषय सांगा, मधे तीन मुद्दे, शेवटच्या वाक्यात विषय पुन्हा सांगा. तिसरी-चौथीला मी हे वापरत नाही. त्यातून 'म्हणून मला साकव खूप आवडतो' अशी वाक्यं जन्माला येतात. सांगून झालं की थांबायचं, एवढंच मी सांगते. सुरुवातीच्या वाक्यावर मात्र थोडं काम करून घ्या. लिहून झालं की विचारा: यातल्या कुठल्या वाक्याने सुरुवात केली तर न बघितलेल्या माणसाला आधी कळेल? पुष्कळदा ते वाक्य दुसरं किंवा तिसरं निघतं.

'आणि मग'चं काय करायचं? बंदी घालू नका. बंदी घातली की मुलं 'नंतर' लिहितात, आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही 'नंतर'वर बंदी घालता. मूल घडलेलं जसं आठवेल तसं सांगत असतं, एकामागून एक. त्याला दोन वाटा दाखवायच्या. एक वाट मराठीत आयती आहे: 'मी उठलो आणि मग तोंड धुतलं आणि मग चहा प्यालो' याचं 'उठून तोंड धुतलं आणि चहा प्यालो'. बोलताना ही मुलं 'जावन', 'खावन' सहज म्हणतात, फक्त लिहिताना विसरतात. 'तू आत्ता जावन म्हणालास ना, तेच जाऊन' एवढं सांगितलं तरी पुरे. दुसरी वाट म्हणजे जोडणारे शब्द. 'पण', 'कारण', 'म्हणून', 'तोवर', 'इतक्यात' यांतला एक शब्द आठवड्याला घ्या, दिवसभर त्याने वाक्यं बोला. 'इतक्यात' हा मुलांचा लाडका होतो, कारण त्याच्यापुढे काहीतरी घडावंच लागतं. मात्र आठवडाभर सगळ्यांच्या वहीत इतक्यात साप निघतो, त्याला इलाज नाही.

पूर्णविरामासाठी मला एकच उपाय सापडला आहे. मुलाचं लेखन दुसऱ्या मुलाला मोठ्याने वाचायला द्या, आणि पूर्णविराम दिसल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही असं बजावा. वाचणारा लालेलाल होतो, वर्ग हसतो, लिहिणारा धावत येऊन टिंब देतो.

मालवणीबद्दल. पहिल्या खर्ड्यात मूल जसं बोलतं तसं लिहू द्या. 'बापूस इलो' लिहिलं तर लिहू दे. लिहिता लिहिता प्रत्येक शब्दाचं भाषांतर करायला लावलं तर ते तीन वाक्यांत दमतं आणि पुन्हा मोराकडे जातं. पक्कं करताना 'इलो'चं 'आला' करायचं, 'खय'चं 'कुठे'. पण साकव, माटवी, खळं, इरलं हे शब्द आहेत तसे राहू द्या. त्यांच्या जागी बसणारा तितका नेमका शब्द पुस्तकी मराठीत मिळेलच असं नाही. 'लहान लाकडी पूल' म्हटलं की साकव गेलाच. आणि परिच्छेदात कुणी बोलत असेल तर त्याचं बोलणं अवतरणचिन्हांत मालवणीतच. 'आजी म्हणाली, "खय गेलेलंस?"' असं वाक्य लिहिताना मुलाला दोन्ही भाषा वेगवेगळ्या दिसतात, आणि अवतरणचिन्हं कशासाठी असतात हेही न सांगता कळतं.

लाल पेन आवरा. एका वेळी एकच गोष्ट. या पंधरवड्यात फक्त बाहेरचं वाक्य शोधायचं, पुढच्यात फक्त पूर्णविराम. ऱ्हस्व-दीर्घ चौथीच्या दुसऱ्या सत्रापर्यंत थांबू शकतं. पालक कुरकुर करतील, केंद्रप्रमुखही एखाद वेळी वही उघडून विचारतील. पहिल्या खर्ड्याच्या पानावर वर 'कच्चं लेखन' असं लिहून ठेवा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. डावीकडे बोटभर जागा सोडून पहिली ओळ सुरू करणं वगैरे दिसण्याच्या गोष्टी मुलं दुरेघीवरून एकेरी वहीवर नीट रुळली की एका तासात शिकतात. त्यासाठी आधीच्या चार तासांचा बळी देऊ नका.

लेखनाकडे शाळांचं दुर्लक्ष का होतं हेही तुम्हाला जाणवलं असेल. जुलै २०२१ मध्ये निपुण भारत हे केंद्र सरकारचं पायाभूत साक्षरतेचं अभियान सुरू झालं, त्यात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत असं लक्ष्य आहे. ते चांगलंच आहे, पण घड्याळ लावून मोजता येतं म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे. शिष्यवृत्तीचे प्रश्न पर्याय निवडण्याचे, तिथे परिच्छेद लिहावाच लागत नाही. म्हणजे चौथीपर्यंत मूल स्वतःचं काही न लिहिता सहज पुढे सरकतं, आणि पाचवी-सहावीत निबंधाला अडकतं.

संकलित चाचणीत 'माझा आवडता सण' येणारच, त्याचीही सोय करावी लागते. मुलांना सांगा, विषय मोठा आला की तो आपणच लहान करायचा. 'माझा आवडता सण' आला तर सणाची सगळी माहिती नको, माटवी बांधायची ती संध्याकाळ लिही. तपासणारा शिक्षक तीच तीच वाक्यं वाचून कंटाळलेला असतो, कवंडळं दिसली की तो थांबून वाचतो. गुण कमी पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तुमच्या वर्गासाठी सुरुवात कुठून, तर सोमवारी रापणीपासून करा. तुम्हाला खरंच माहीत नाही ना? मग वर्गाला सांगा, रविवारी मी किनाऱ्यावर रापण बघायला जाणार आहे. मी कुठे उभा राहू, कशाला हात लावू नको आणि आधी काय बघू, ते मला लिहून द्या. तो कागद खिशात घालून खरंच जा. तिथे काय कळलं नाही आणि कुणाच्या कागदात ते नव्हतं, हे पुढच्या सोमवारी वर्गात सांगा. मुलं कागद परत मागून घेतील.